शेवटचं काय ते सांगा

प्रवासाला निघणाऱ्या मराठी माणसांचे ढोबळ मानाने तीन वर्ग पाडता येतात. देवळं बघणारे, किल्ले बघणारे आणि चांगली मिसळ कुठे मिळते ते बघणारे. माझी गणना यांपैकी कशातच होत नाही. मी धागा बघते. लोकर, सूत, रेशीम, जे जे म्हणून पिंजता, कातता, विणता येतं ते जिथे होत असेल ते माझं तीर्थक्षेत्र. गावात उतरल्याबरोबर बाकीची मंडळी 'इथे पाहण्यासारखं काय आहे?' असं विचारतात. मी विचारते, 'इथे माग कुठे आहेत?' या प्रश्नाने गोंधळ उडतो हे खरं. एका रिक्षावाल्याने 'मागं कशाला, म्होरंच आहे की' असं म्हणून आम्हांला पुन्हा एस. टी. स्टँडवर नेऊन सोडलं होतं.

आता पानिपतचंच घ्या. पानिपतला मराठी माणूस एकाच कामासाठी जातो. काला आंबच्या स्मारकापाशी उभं राहायचं, १७६१ सालची लढाई आपण कशी जिंकू शकलो असतो यावर पाऊण तास चर्चा करायची आणि जड अंतःकरणाने छोले-भटुरे खायला निघायचं. आमच्या ह्यांनी हा विधी यथासांग केला. तेवढ्या वेळात मी जुन्या लोकरीपासून ब्लँकेटं करण्याचा कारखाना बघून आले. युरोप-अमेरिकेतली माणसं थंडीचे कपडे जुने झाले की टाकून देतात, त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे इथे येतात. बायका ओळीने बसून बटणं, चेन, अस्तरं काढतात, लाल लालमध्ये, निळं निळ्यात असे ढीग लावतात. मग यंत्र त्यांच्या चिंध्या करतं, चिंध्यांचा पिंजून कापूस करतं आणि त्यातून पुन्हा सूत निघतं. कुणा साहेबाचा ओव्हरकोट इथे येऊन ब्लँकेट म्हणून जन्माला येतो आणि कुठल्याशा पूरग्रस्ताच्या अंगावर जातो. पुनर्जन्मावर माझा विश्वास बसला तो पानिपतात. हे मी उत्साहाने सांगायला लागले, तर हे म्हणाले, "भाऊसाहेब पडले त्या गावात तू कांबळी बघत होतीस?" इतिहासाचं आणि माझं जमत नाही ते असं.

पण या धागेदोऱ्यांच्या यात्रांमधून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे, आणि तो दिसतो तितका साधा नाही. हाताने केलेल्या वस्तूचा भाव करावा की करू नये?

प्रश्न माझ्या मागे लागला म्हणण्यापेक्षा तो माझ्याबरोबर प्रवास करतो म्हणणं जास्त बरोबर होईल, कारण आमच्या वन्सं बहुतेक प्रवासांत आमच्याबरोबर असतात. भाव करण्याच्या कलेत त्यांचा हात धरणारं माणूस आमच्या दोन्ही घराण्यांत नाही. इतर बायका बरीच घासाघीस झाली, पिशवी उचलली, दोन पावलं दुकानाबाहेर टाकली की मग वळून 'शेवटचं काय ते सांगा' म्हणतात. वन्संचं संभाषणच तिथून सुरू होतं. दुकानदाराने पहिलं काही सांगायच्या आत त्या शेवटचं विचारतात, त्यामुळे तो बिचारा वेळेच्या बाबतीत गोंधळून जातो.

बरं, त्यांच्यामागे विचार नाही असं नाही. चांगली भक्कम तात्त्विक बैठक आहे. त्यांच्या मते भाव न करणं म्हणजे माज. "तो हजार सांगतो ते आपण सहाशेला मागणार हे धरूनच सांगतो. तू मुकाट्याने हजार काढून दिलेस की त्या माणसाला रात्रभर झोप लागत नाही. पंधराशे का नाही सांगितले म्हणून तळमळतो. हे पाप कुणाच्या डोक्यावर?" त्यांचं आणखी एक म्हणणं असं, की भाव करताना माणसं माणसांशी बोलतात. मुलं किती, गाव कोणतं, यंदा पाऊस कसा, हे सगळं भाव करता करताच कळतं. 'एकच भाव' ही पाटी म्हणजे 'आम्हांला तुमच्याशी बोलण्याची इच्छा नाही' अशी पाटी. यातलं अर्धं मला पटतं. मॉलमध्ये खरेदी करून आले की मलाही मुक्याच्या लग्नाला जाऊन आल्यासारखं वाटतं.

मी एकदा म्हणून पाहिलं, "वन्सं, भाजीची गोष्ट वेगळी. पण मागावर बसून जो माणूस महिनोन्‌महिने विणतो..."

"आणि मेथीची जुडी काय कारखान्यात होते?" वन्सं म्हणाल्या.

यावर मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही नीटसं सुचलेलं नाही.

येवल्याला गेलो तेव्हा डिसेंबरातली मरणाची थंडी होती. नाशिक जिल्ह्यातल्या या गावात पैठणीची दुकानं इतकी, की पैठणच्या माणसाला रुसवा यावा. चार दुकानांत वन्संनी शेवटचं विचारून झालं. एका दुकानदाराने अठरा हजारांचे सोळा हजार केले, तेव्हा वन्संनी माझ्याकडे, रणजितसिंहाने कोहिनूरकडे पाहिलं असेल तसं पाहिलं. मग मी हट्ट धरला की आता विणणाऱ्याच्या घरी जायचं.

पुढच्याच खोलीत माग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणकर बसलेला, आणि त्याच्या पुढ्यात पदरावरचा मोर. पैठणीचा पदर कसा विणतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पोहणंही मी पुस्तकात वाचलेलं आहे. धोटा खटकन् या टोकाकडून त्या टोकाकडे जाईल अशी माझी कल्पना. इथे धोट्याचं फारसं काम नव्हतंच. रेशमाच्या लहान लहान कांड्या ओळीने लोंबत होत्या. मोराच्या गळ्याची एक, पंखाची दुसरी, डोळ्याची तिसरी, मधल्या जरीच्या जमिनीच्या आणखी वेगळ्या. तो एक कांडी उचलायचा, चार-सहा उभ्या धाग्यांखालून काढायचा, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवायचा आणि ठेवून द्यायचा. मग पुढची. अशी सगळी ओळ संपली की फणी ठोकायची. दोन रंग असे एकमेकांत गुंतवल्यामुळे मागच्या बाजूला धागे सुटत नाहीत. अस्सल पदर उलटा करून बघा, मोर मोरच राहतो. यंत्रावरच्या नकलेत उलट्या बाजूला मोर पावसात सापडल्यासारखा दिसतो.

मी पाऊण तास बसले होते. तेवढ्या वेळात मोराची मान माझ्या करंगळीच्या नखाएवढी वाढली.

"हा पदर म्हणजे दीड महिना धरा," तो म्हणाला. "साडी उतरायला तीन-साडेतीन महिने."

ह्यांनी लगेच विचारलं, "तुम्हाला काय सुटतं?" हे बँकेत होते. कोणतीही सुंदर वस्तू दिसली की तिच्यात काय सुटतं हे विचारल्याशिवाय त्यांना तिचं सौंदर्य कळत नाही.

"रेशीम शेठचं, जर शेठची. आम्ही मजुरीवर."

वन्संनी विजयाच्या सुरात सांगितलं, की चौकातल्या दुकानात त्यांनी दोन हजार कमी करून घेतले. विणकर हसला. म्हणाला, "चांगलं केलं की मावशी. आता ते दोन हजार शेठच्या गल्ल्यातनं जातात का पुढच्या साडीला माझ्या मजुरीतनं जातात, ते बघायला तुम्ही थोड्याच येणार?" बोलण्यात राग नव्हता. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला. वन्संना मात्र चहा गोड लागला नाही असं मला वाटलं. त्यांनी साखर जास्त झाल्याचं कारण दिलं.

चहा घेऊन विणकराची बायको आली होती. रिकामं बसणं मला जमत नाही, म्हणून मी पिशवीतून नातवाचा स्वेटर काढून दोन सुलट, दोन उलट चालू केलं होतं. तिने तो हातात घेतला, उलटून पाहिला (विणणाऱ्याच्या घरातली बाई कोणतीही वस्तू आधी उलटूनच बघते) आणि विचारलं, "मावशी, केवढ्याला द्याल?"

"विकायचा नाही गं, नातवासाठी करतेय."

"ते झालं. पण द्यायचाच म्हटला तर?"

मी विचार केला. तोंडातून निघालं ते एवढंच, "लोकर अकराशेची आहे."

"लोकरीचं नाही म्हणत मी. हाताचं."

चाळीस वर्षं मी विणते आहे. स्वेटर, टोपरी, मोजे, शाली, आणि ज्यांचा उपयोग कुणालाच कधी कळला नाही असे टीव्हीवरचे रुमाल. 'लोकर केवढ्याची?' हे मला हजार लोकांनी विचारलं असेल. हाताचं कुणी विचारलं नव्हतं. मीच मग विषय बदलून तिला विचारलं, "तूही विणतेस का?"

"मी कांड्या भरते. रेशीम उकलते, कांड्या भरते, ताणा लावायला हात लावते."

"त्याची मजुरी?"

"ती ह्यांच्या मजुरीतच की."

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी फारसं बोललं नाही. हे आपल्या छोट्या वहीत काहीतरी लिहीत होते. सिन्नर मागे पडल्यावर त्यांनी घसा साफ केला. "तुझा स्वेटर काढला मी," ते म्हणाले. "लोकर अकराशे. तुझे तास, रोज दोन धरले तर, एकशे वीस. तसाच स्वेटर बाजारात यंत्रावरचा नऊशेला मिळतो. म्हणजे तुझी मजुरी झाली वजा दोनशे. भागिले एकशे वीस. तासाला उणे एक रुपया सदुसष्ट पैसे." वही मिटून ते पुढे म्हणाले, "थोडक्यात, स्वेटर तुला काही देत नाही. तूच स्वेटरला पगार देतेस."

मला हसू आलं, आणि ते फार काळ टिकलं नाही. कारण हा हिशेब काही माझ्या एकटीचा नव्हे. तुम्ही ज्या गोधडीत लहानाचे मोठे झालात तिची किंमत काय होती? आईच्या नऊवारी साड्यांचे थर, आजीने दुपारच्या दुपार घातलेले टाके. ती गोधडी कुणी विकत घेतली नाही, त्यामुळे ती फुकट आहे असं सगळ्या घराने धरलं. हाताच्या कामाची आपली पहिली ओळख होते ती ही अशी, बिनपैशाची. मग मोठेपणी कुणी मागावरच्या साडीचे अठरा हजार सांगितले की ते आपल्याला जास्त वाटणारच. कशापेक्षा जास्त? शून्यापेक्षा जास्त. आपण येवल्याला भाव करतो तेव्हा समोर दुकानदार असतो खरा, पण मनातल्या मनात आपण त्याची तुलना आजीशी करत असतो, आणि आजीपेक्षा स्वस्त कोण देणार?

वन्संना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजीला मध्ये आणू नकोस. ती मायेने करायची." माया हा शब्द आला की हिशेबाची वही बंद करायची, असा आपल्याकडे नियम आहे. नियम कुणी केला ते माहीत नाही, पण वही ज्याच्या हातात असते त्यानेच केला असावा.

हा गोंधळ मोठमोठ्या माणसांच्याही वाट्याला आलेला आहे, हे मला नंतर वाचनात आलं. १९२५ साली चरखा संघ निघाला. खादी गरिबाला परवडली पाहिजे म्हणून ती स्वस्त ठेवायची, आणि स्वस्त ठेवायची तर कातणाऱ्या बाईला पैशांच्या हिशेबात मोजायचं, असं दहा वर्षं चाललं. १९३५ साली गांधीजींनी विचारायला सुरुवात केली, की आठ तास कातणाऱ्या बाईला आठ आणे का मिळू नयेत? संघाचे कार्यकर्ते हादरले. त्यांचंही चूक नव्हतं. मजुरी वाढली की खादी महाग, खादी महाग की गिऱ्हाईक गिरणीच्या कापडाकडे, आणि गिऱ्हाईक गेलं की त्या बाईला होतं तेही काम नाही. म्हणजे दया दाखवायची कुठून, गिऱ्हाईकाच्या बाजूने की बाईच्या बाजूने? शेवटी मजुरी वाढली, पण आठ आण्यांच्या बरीच अलीकडे थांबली. सगळ्या हिंदुस्थानाने शेवटचं काय ते सांगा म्हटलं आणि महात्म्यालाही थोडं खाली यावं लागलं. विनोबा त्या वेळी वर्ध्याजवळ नालवाडीला होते. त्यांनी फार वाद घातला नाही. रोज तासन्‌तास सूत काततो आणि त्या मजुरीत माझं पोट भरतं का ते बघतो, म्हणून ते कातायलाच बसले. अर्थशास्त्रज्ञांना ही पद्धत का सुचत नाही कोण जाणे. ह्यांना मी हा प्रयोग सांगितला. "तूही करून बघ" असं मात्र ते म्हणाले नाहीत, कारण माझ्या उणे मजुरीत पोट भरायचं म्हणजे आदल्या दिवशीचं जेवण परत करावं लागलं असतं.

वन्संचा भाव मोडला तो येवल्यात नव्हे, पट्टणकोडोलीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं हे गाव. तिथे विठ्ठल-बिरदेवाची मोठी यात्रा ऑक्टोबरच्या सुमाराला भरते. महाराष्ट्र-कर्नाटकातले धनगर लोटतात, फरांडेबाबांची भाकणूक होते. मला घोंगडी हवी होती. घोंगडीची लोकर दख्खनी मेंढीची, काळी, राठ. धनगर ती कातरतात, घरच्या बायका कातायच्या, सणगर ती मागावर विणतात, आणि उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावतात. त्यामुळे नवी घोंगडी इतकी ताठ असते की कोपऱ्यात उभी केली तर पाहुणा आलासा वाटावा. पाऊस अंगावर घेते, थंडी बाहेर ठेवते, आणि टोचते.

एक म्हातारा पाचसहा घोंगड्या घेऊन बसला होता. एकाच्या बाबतीत त्याने सांगितलं, की ही जावळाच्या लोकरीची, म्हणजे कोकराची पहिली कातरलेली, मऊ. वन्संनी हात फिरवला. मऊपणाच्या व्याख्या माणसागणिक वेगळ्या असतात.

"केवढ्याला?"

"पंचवीसशे."

"शेवटचं काय ते सांगा."

"ह्येच."

"अहो, बाजारात चारशेला ब्लँकेट मिळतं. कसं मऊ मऊ असतं."

"असतंय की," म्हातारा म्हणाला. "त्येच घ्यावा तुमी. ह्ये टोचतंय."

वन्सं थांबल्या. समोरचा विकण्याचा आग्रहच धरत नसेल तर भाव कुणाशी करायचा? कुस्तीत समोरच्याने हात पुढे न करता 'तुम्हीच जिंकलात, घरी जा' म्हणावं तसं झालं. मग नुसतंच बोलणं झालं. त्याने सांगितलं, की पूर्वी लोकर न्यायला माणसं घरी यायची. आता कातरणाऱ्याला पदरचे पैसे द्यावे लागतात आणि लोकर न्यायला कुणी येत नाही; बहुतेक वेळा ती रानातच टाकून द्यावी लागते. मला पानिपतचे ते गठ्ठे आठवले. स्वस्त ब्लँकेटांपुढे, आणि आता तर पॉलिएस्टरच्या ब्लँकेटांपुढे, या काळ्या लोकरीचा टिकाव लागणं कठीणच होतं. घोंगडीचं पानिपत शब्दशः पानिपतातच झालं म्हणायचं. त्यात पूरग्रस्ताचा काय दोष, त्यालाही थंडी वाजतेच. हे सगळं इतकं सरळ असतं तर मी कधीच मत बनवून मोकळी झाले असते.

दुपारी पालखी निघाली. ढोल, कैताळ, छत्र्या, आणि हळदीचा भंडारा इतका की माणसं, झाडं, रस्ता सगळं पिवळंधमक. भंडाऱ्याबरोबर खारीक-खोबरं उधळत होते, आणि लोकर. कोकरांची लोकर मुठी भरभरून वर जायची आणि पिवळी होऊन खाली यायची. माझ्या केसांत एक पुंजका अडकला तो मी घरी आणून डब्यात ठेवला आहे. रानात टाकून देतात तीच ही लोकर. पण तिथे टाकणं वेगळं आणि इथे उधळणं वेगळं, हे सांगायला भाकणुकीची गरज नव्हती. वन्संनी दोन्ही हात जोडले आणि येताना त्या म्हाताऱ्याकडून पंचवीसशेला घोंगडी घेतली. मला म्हणाल्या, "देवाच्या दारात भाव करू नये." देवाच्या दाराबाहेरच्या नारळवाल्याशी त्यांनी सकाळीच केला होता, पण तो मुद्दा मी काढला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा सगळा आपल्या गरिबीचा प्रश्न आहे. श्रीमंत देशात हे असं नसणार. मलाही तसंच वाटत होतं. आमची लेक न्यू जर्सीत असते. तिच्याकडे गेलो असताना ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी ती आम्हांला न्यूयॉर्क राज्यातल्या ऱ्हाइनबेक गावी मेंढ्यांच्या आणि लोकरीच्या जत्रेला घेऊन गेली. जत्राच ती. फक्त भंडारा नाही आणि रांग सरळ. मेंढ्या धुऊनपुसून उभ्या, अल्पाका नावाचे लांब मानेचे विनोदी प्राणी, मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांचे खेळ, कातरलेली आख्खी लोकर तशीच विकायला, आणि रंगवलेल्या लड्यांचे मांडवच्या मांडव. गंमत अशी, की येणारे बहुतेक लोक स्वतः विणलेला स्वेटर घालून येतात. कित्येक जण तर खास या दिवसासाठी नवा विणून आदल्या रात्रीपर्यंत टाके घालत असतात. दिवाळीला फराळ, तसा तिकडे जत्रेला स्वेटर.

भाव कुणीही करत नव्हतं. एका लडीवर तीस डॉलरची चिठ्ठी होती. ह्यांनी मनात गुणाकार केला आणि बसायला खुर्ची शोधली. मी चिठ्ठी वाचली तर तिच्यावर मेंढीचं नाव! आमच्या येवल्याच्या साडीवर विणणाऱ्याचं नाव नसतं, त्याच्या बायकोचं तर सोडूनच द्या. इथे मेंढीलासुद्धा श्रेय. मला त्या मेंढीचा क्षणभर हेवा वाटला.

पुढे एका बाईच्या अंगावर असा स्वेटर दिसला की मी रस्त्यातच थांबले. गळ्याभोवती पानांची नक्षी, सात-आठ रंग, एक टाका इकडचा तिकडे नाही. वय माझ्याएवढंच. लेकीला दुभाषी करून मी तिला येवल्याचा प्रश्न विचारला, "केवढ्याला द्याल?"

ती मोठ्याने हसली. विकायचा नाही म्हणाली.

"पण द्यायचाच म्हटला तर?"

तिने जरा विचार केला. स्वेटरच्या बाहीकडे बघितलं. मग म्हणाली, लोकर दीडशे डॉलरची आहे.

मी लेकीला म्हटलं, हाताचं विचार. लेकीने विचारलं. ती बाई बघतच राहिली. तीस डॉलरची लडी मुकाट्याने घेणारा, मेंढीचं नाव छापणारा तो देश, पण स्वतःच्या हाताचा आकडा तिलाही सांगता येईना. आम्ही दोघी एकमेकींचे स्वेटर उलटून बघत उभ्या राहिलो. विणणाऱ्या बायकांना तेवढी भाषा पुरते.

परत आल्यावर मी वन्संना हे सारं रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आठवड्याने घरी आल्या त्या ठरवूनच. म्हणाल्या, "वहिनी, सुनेसाठी एक शाल करून दे. पण फुकट नको. तू म्हणशील ते पैसे देईन. तुझ्या हाताचे."

मला काही बोलवेना. ह्यांनी मात्र वही काढलीच. तासाला पन्नास रुपये, म्हणजे भांडीवाल्या बाईंपेक्षा कमीच, असे एकशे चाळीस तास, सात हजार. लोकर पंधराशे. एकूण साडेआठ हजार. वन्सं गप्प झाल्या. मला वाटलं, आता येणार ते वाक्य. पण आलं नाही. त्यांनी आकडा दोनदा वाचला, चष्मा पुसला, ह्यांच्याकडे बघून 'पंख्याचा आवाज फार येतो तुमच्या' म्हणाल्या. मग मी म्हटलं, "वन्सं, तुमच्याकडून मी काय घेणार? हजार द्या."

"हजार का? तुझा आकडा साडेआठ आहे ना?"

"बरं, दोन द्या."

"साडेसात तरी घे."

"अहो, घरातल्या घरात साडेसात? तीन."

ह्यांनी सांगितलं, की बँकेतल्या पस्तीस वर्षांत त्यांनी असा सौदा पाहिला नाही. दोन तास झाले, चहा दोनदा झाला. बोलता बोलता सुनेचं माहेर, तिची नोकरी, थंडीत तिला होणारा खोकला, सगळं निघालं. शेवटी वन्संनी विचारलं, "आणि लोकर मी आणून दिली तर?"

शाल निम्मी झाली आहे. पैशांचं अजून ठरायचं आहे.